घारीच्या पिलाचा खुराक

तांबड्या घारीच्या घरट्यातलं तिचं स्वतःचं पिल्लू मी परक्याचं समजून झाडावरून खाली उतरवलं आणि म्हशीचं धारोष्ण दूध पाजायला घरी आणलं. या एका वाक्यात दोन चुका आहेत. पहिली माझी एकट्याची. दुसरीत अख्खी तालीम वाटेकरी होती, पण पेठेत विषय निघाला की लोक अजून नाव माझंच घेतात.

आमचं घर शिवाजी पेठेत, गल्लीच्या टोकाला. घर कसलं, पुढं गोठा होता आणि मागच्या बाजूला आम्ही राहत होतो. येणाऱ्या पावण्याला आधी म्हशी भेटायच्या, मग वैरणीचा ढीग, आणि त्यातूनही तो हटला नाही तर आई. गंगी, चंद्री आणि मेनका अशा आमच्या मुख्य म्हशी. मेनका नावाप्रमाणंच डोळे मोठे करून बघायची आणि नावाप्रमाणंच कुणाचंही तप मोडायची. दूध काढताना शेवटच्या धारेला बरोबर चरवीत पाय घालायची. पहाटे मला जाग यायची ती आवाजानं. रिकाम्या चरवीत पहिली धार पडली की 'चर्र' असा कोरडा आवाज, मग दूध साठेल तसा तो जाड होत जायचा, आणि फेस वर आला की नुसतं 'घुर्र घुर्र'. अंथरुणात डोळे मिटूनही कुठली म्हैस कुठवर आली ते मला सांगता यायचं. त्याच सुमाराला पलीकडच्या तालमीत शड्डू घुमायला लागायचे. चुलीवर भाकरी थापण्याचा आवाज, तालमीतला शड्डू आणि चरवीतली धार, या तिन्हींचा मिळून माझ्या लहानपणाचा बँड होता. परवा डॉक्टरांनी मला साय काढलेलं दूध प्यायला सांगितलं. मी त्यांना म्हटलं, साहेब, त्याला आमच्या घरात चरवी विसळलेलं पाणी म्हणायचे.

संध्याकाळी आबा, म्हणजे माझे वडील, दोन म्हशी घेऊन दुधाच्या कट्ट्यावर जायचे. गिऱ्हाईक पेला पुढं करायचं, आबा सड धरून धार थेट पेल्यात सोडायचे, आणि गिऱ्हाईक तिथंच उभ्यानं पिऊन फेसाच्या पांढऱ्या मिशा पुसत घरी जायचं. मधे ना भांडं ना गाळणी. संशयाला जागाच नाही. आबा दत्ताचे भक्त. पौर्णिमेला एसटीनं वाडीला जायचे, गुरुवारी उपास धरायचे आणि त्या दिवशी म्हशीलासुद्धा शिवी द्यायचे नाहीत. मटण आमच्याकडे बुधवारी आणि रविवारी. तांबडा, पांढरा, वर सुकं. अक्का, माझी थोरली बहीण, वाटण वाटायला बसली की गल्लीतली कुत्री ओळीनं दारात यायची. मासा मात्र घरात कधीच नाही. त्यात धर्मबिर्म काही नव्हतं, धंदा होता. "दुधाला वास लागतोय," एवढंच आबा सांगायचे. माझं लग्न होईपर्यंत मासा कसा साफ करतात हे मला माहीत नव्हतं, आणि पुढं जे घडलं त्याचं अर्धं मूळ त्यात आहे.

दुपारी म्हशी रंकाळ्यावर न्यायचं काम माझं. कॉलेजला नाव घातलेलं होतं, पण कॉलेजचा आणि माझा एकमेकांना फारसा त्रास नव्हता. म्हशी पाण्यात गळ्यापर्यंत बसल्या की दोन तास हलायच्या नाहीत. त्या वेळात मी काठावरच्या मोठ्या नांदरुकीखाली आडवा व्हायचो. त्या झाडावर, शेंड्याच्या जरा खाली, तीन फांद्या फुटतात त्या तिकटण्यात, तांबड्या घारीचं घरटं होतं. पुस्तकात तिला ब्राह्मणी घार म्हणतात हे मला फार नंतर कळलं. डोकं, मान, छाती पांढरीशुभ्र, बाकी अंग नव्या कौलासारखं तांबडं. साध्या घारीसारखी ती उकिरड्यावर घिरट्या घालायची नाही. पाण्यावरून संथ तरंगत यायची, पाय खाली सोडायची आणि पाणी न सांडता मासा उचलून न्यायची. डुबकी नाही, धडपड नाही. आमची आई चुलीतून भाकरी उचलायची तसं.

जोडप्याची कामं वाटून घेतलेली होती. संक्रांतीच्या आगेमागे दोघांनी मिळून जुन्याच घरट्याची डागडुजी केली. वाळक्या काटक्या, तळ्यातलं शेवाळ, पोत्याचा तुकडा, कुठली तरी चिंधी. एकदा तर तालमीच्या तारेवर वाळत घातलेला लाल लंगोट नाहीसा झाला. संशय साहजिकच पलीकडच्या पेठेवर गेला. वस्तादांच्या पठ्ठ्यांनी बाह्या सरसावल्या, "लंगोटाला हात घालत्यात म्हंजे काय!" आणि प्रकरण हातघाईवर यायच्या बेतात असताना मी म्हशी घेऊन गेलो, वर बघितलं, तर घरट्यातून लंगोटाचं टोक झेंड्यासारखं लोंबत होतं. मी पळत जाऊन सांगितलं म्हणून दोन पेठांतली मारामारी टळली. माझ्या आयुष्यातलं हे एकमेव समाजकार्य, म्हणून इथं नोंदवून ठेवतो.

मग मादी बसली. दिसायला दोघं सारखीच, पण जी उठत नाही ती मादी, असं मी ठरवलं. नर मासा आणायचा, जवळ आला की ओरडायचा. त्या ओरडण्यात शिकारी पक्ष्याचा काही रुबाब नव्हता. रेडकू भुकेलं असलं की नाकातून रेकतं, हुबेहूब तसं. पहिल्यांदा तो आवाज आला तेव्हा नुकतीच व्यालेली मेनका पाण्यातून ताडकन उठली होती. नर मासा देऊन निघून जायचा, मादी तो पायाखाली दाबून खायची. झाडाखाली काटे, खवले, खेकड्याच्या नांग्या यांचा सडा पडलेला असायचा आणि त्याला असा वास यायचा की आबांना कळलं असतं तर त्यांनी म्हशी दुसऱ्या काठाला नेल्या असत्या. पुढं मादी मान खाली घालून काहीतरी भरवायला लागली. माशाचे बारीक बारीक धागे काढायची आणि मान वाकडी करून हळूच खाली धरायची. माझ्यासारख्या उनाड पोराला म्हशींपेक्षा कुणाचा संसार बघण्यात रस वाटावा, हे पहिल्यांदाच घडत होतं.

शिमग्यानंतर पिल्लानं डोकं वर काढलं. आणि माझ्या डोक्यात विज्ञान शिरलं.

पिल्लू तपकिरी होतं! ना पांढरं डोकं, ना तांबडं अंग. मळकट, ठिपक्याठिपक्यांचं, अगदी उकिरड्यावरच्या घारीसारखं. कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडं घालते हा धडा मला शाळेत पाठ होता. खरं म्हणजे शास्त्रातला तेवढा एकच धडा पाठ होता आणि त्यावरच मी काठावर पास झालो होतो. दोन आणि दोन मी जोडले. साध्या घारीनं या भोळ्या जोडप्याच्या घरात आपलं पोर लोटलंय आणि हे बिचारे राबराबून परक्याचं पोट भरतायत! मी हा शोध घरी अक्काला सांगितला. ती मिरच्या भाजत होती.

"मग?" ती म्हणाली.

"मग काय? अन्याय हाय ह्यो."

"कुणावर?"

"त्या पांढऱ्या डोक्याच्या घारीवर. फसवणूक चाललीया तिची."

"तिनं तुझ्याकडं तक्रार दिलीया काय? खोकला येतोय मला, हो तिकडं."

तेवढ्यावर शहाणा माणूस थांबला असता. मी बुधवारी दुपारी झाडावर चढलो. घारी डोक्यावर झडप घालतात हे ऐकून होतो, म्हणून आबांची पितळी चरवी डोक्यावर पालथी घातली आणि हनुवटीखालून टॉवेलनं बांधली. अर्ध्यावर गेलो तोवर मादीनं मला बघितलं. पहिल्या फेरीत ती नुसती जवळून गेली. दुसऱ्या फेरीत तिनं चरवीवर असा पंजा हाणला की माझ्या दोन्ही कानांत देवळातली घंटा वाजली. मी फांदीला मिठी मारून डोळे मिटले. खाली काठावर धुणं धुणाऱ्या बायका आणि म्हशी धुणारे गडी, सगळं काम थांबवून वर बघत होते.

"ए पैलवान," एकजण खालून ओरडला, "धार काढाय चढलायस व्हय झाडावर?"

त्या हशानं मला उलट जोर आला. माझ्या बाबतीत हे नेहमीच होतं. माणसं हसली की मी मागे फिरत नाही, पुढं जाऊन आणखी हसं करून घेतो. घरट्यापर्यंत पोचलो. आत लंगोट होता, अर्धा मासा होता, आणि त्या दोन्हींवर पाय रोवून पिल्लू माझ्याकडे बघत होतं. पिसं फुटलेली, मानेवर अजून कापूस. मी हात घातला. त्यानं आधी नख्या रुतवल्या, मग पोटातला सगळा मासा माझ्या सदऱ्यावर ओकला. अशा स्थितीत, सदऱ्याच्या आत ओरबाडणारं पिल्लू, बाहेर ओकारी, डोक्यावर दर मिनिटाला घंटा, मी खाली उतरलो आणि पराक्रम केल्याच्या थाटात घराकडं निघालो. म्हशी माझ्यामागं आपापल्या आल्या. त्यांना तरी घरचा रस्ता माहीत होता.

गल्लीच्या तोंडाशी तात्या वस्ताद भेटले. तालमीचे वस्ताद म्हणजे पेठेचं निम्मं न्यायालय आणि सगळा दवाखाना. कुणाचं हाड सरकलं, कुणाचं लग्न मोडलं, कुणाचं पोर जेवेना, तात्यांकडं जायचं. औषध बहुधा एकच असायचं, खुराक. त्यांनी पिल्लू बघितलं, मान हलवली.

"कुठलं रं हे?"

"आपला लंगोट नेलेल्या घरट्यातलं, तात्या. पर त्यांचं न्हवं, परक्याचं हाय. टाकून दिलेलं."

"आपल्या लंगोटावर वाढलंय?"

"व्हय."

"मग परक्याचं कसं? लंगोट तालमीचा, म्हंजे पोरगं तालमीचं. खुराक आपण द्यायचा."

या निकालावर अपील नव्हतं. आमच्या गोठ्यात पेंडीच्या रिकाम्या पोत्यावर पिल्लू बसवलं आणि तालीम गोळा झाली. एका पठ्ठ्यानं भीतभीत, "तात्या, मटण घालूया की, बुधवार हाय," असं सुचवलं. तात्यांनी त्याला डोळ्यांनीच चीत केलं.

"नव्या पोराला एकदम मटण घालत्यात काय रं? आधी दूध. मग बदाम. मग तूप. मटण हाडं भरल्यावर."

हे ऐकून हसू नका. दूध पिऊन सगळं जग सुधारतं यावर आमच्या पेठेचा तेव्हा जितका विश्वास होता तितका आता कशावरच कुणाचा राहिलेला नाही. आमच्या घरात तर जो जन्मला त्याला पहिलं दूध, हा कायदाच होता. मी आणलेलं पिल्लू मासा ओकलं होतं, त्याचा वास अजून माझ्या सदऱ्याला येत होता, आणि तरी त्याला मासा द्यावा हे गोठ्यात जमलेल्या एकाही डोक्यात आलं नाही. घरट्यात भरवताना मी रोज बघितलं होतं, पण ते मला 'त्यांच्या घरचं जेवण' वाटायचं. आता पोरगं आमच्या घरी आलं होतं. आमच्या घरचं जेवेल.

मी मेनकेच्या धारेखाली वाटी धरली. एकानं पिलाची मान धरली, दुसऱ्यानं चोच उघडली, तिसऱ्यानं कापसाच्या बोळ्यानं दूध पिळलं. पिलानं मान झटकली. तिघांना फेसाच्या मिशा आल्या. दुसऱ्या वेळी थोडं आत गेलं. "बघा, पितंय!" म्हणून आनंद झाला. मग तालमीतून कुंडी आणली, बदाम घोटले, खडीसाखर घातली, आणि थंडाईचे थेंब चोचीत सोडले. उरलेली थंडाई खुराक देणाऱ्यांनीच संपवली. दर फेरीला पिल्लू थोडं कमी झटापट करत होतं, आणि त्याचा अर्थ आम्ही 'सवय लागतीया' असा लावत होतो. आई तेवढी दारात उभी राहून बघत होती. ती मोजकं बोलायची. "त्येच्या आईला ठावं हाय का, हे हितं हाय म्हणून?" एवढं विचारून ती आत गेली.

गुरुवारी सकाळी पिल्लू पोत्यावर आडवं बसलं होतं. पंख खाली पडलेले, डोळ्यावर पांढरट पडदा अर्धा ओढलेला. पोत्यावर सगळं पाणी पाणी. मी बोट लावलं तर नख्या उगारल्या नाहीत, आणि मला पहिल्यांदा भीती वाटली. तात्या आले, बघितलं, मांडीवर शड्डू ठोकायला उचललेला हात तसाच धोतराला पुसला, आणि "व्यायामाला जातो" म्हणून निघून गेले. तात्यांनी उपाय न सांगता कुणाला सोडलेलं मी त्या एकाच वेळी बघितलं.

त्या दिवशी म्हशी मी सकाळीच रंकाळ्यावर नेल्या. खरं म्हणजे गोठ्यात थांबवेना. नांदरुकीखाली उभा राहून वर बघितलं. मादी घरट्याच्या काठावर बसली होती. नर तळ्यावरून आला, रेकला, मासा ठेवून गेला. तिनं मासा पायाखाली घेतला, एक धागा काढला, मान वाकडी करून खाली धरला. खाली कुणी नव्हतं. तिनं तो तसाच धरून ठेवला. थोड्या वेळानं नर दुसरा मासा घेऊन आला. पहिला अजून तिच्या पायाखालीच होता. अन्याय कुणावर चाललाय हे आता बघायला मला शास्त्राची गरज पडली नाही. परक्याच्या पोरासाठी असं कुणी बसत असेलही. पण मला तेव्हा एकाएकी खात्री पटली की हे पोर तिचंच आहे, रंग कुठलाही असो.

घरी आलो तेव्हा आबा कडबा कापत होते. पिल्लू त्यांनी आदल्या संध्याकाळी कट्ट्यावरून आल्यावर बघितलेलं होतं. मी सगळं सांगितलं. घरट्यावर काय दिसलं तेही.

त्यांनी कोयता खाली ठेवला. "म्हशीचं रेडकू तोडलं तर म्हैस काय करती?"

"पान्हा चोरती."

"आन मग?"

"काही दिस वाट बघती." माझा आवाज बारीक झाला. "मग आटती."

"गवळ्याचं पोर हायस ना तू?"

एवढंच. गुरुवार होता म्हणून शिवी नाही. शिवी असती तर बरं झालं असतं. मग आबांनी टोपी घातली, अक्काला हाक मारली, "तुझा डबा दे गं, न्ह्यायचा." अक्का शिवणाच्या क्लासला पोळी-भाजी न्यायची तो पितळी डबा. तिनं तो धुऊन दिला. आबा बाहेर गेले.

ते परत आले तेव्हा टोपी डोळ्यांवर ओढलेली होती. गुरुवारी, उपासाच्या दिवशी, मासळीबाजारात आमचे आबा! तिथं त्यांचीच दुधाची चार गिऱ्हाइकं भेटली असणार. त्यांनी काय विचारलं आणि आबांनी काय सांगितलं, हे त्यांनी आम्हाला मरेपर्यंत कळू दिलं नाही. डब्यात बारक्या चिलाप्या होत्या. गोठ्यात माशाचा वास पसरला आणि गंगीनं फुस्स करून मान फिरवली.

"कसं घालती त्याची आई?" आबांनी मला विचारलं.

सबंध प्रकरणात माझ्या बघण्याचा उपयोग झाला तो इथं. "बारीक धागा काढती. चोचीत कोंबत न्हाय. चोचीम्होरं धरती, जरा वाकडं."

अक्कानं नखांनी धागे काढले. आबांनी तोंड भिंतीकडं केलं, पुटपुटत दत्ताचं नाव घेतलं आणि न बघता बोटं पुढं धरली. पिल्लू तसंच. आबांनी पुन्हा नाव घेतलं. आई पदराचं टोक दातात धरून उभी होती. मग त्या पांढऱ्या पडद्यामागून डोळा हलला, मान किंचित वर आली, आणि धागा गेला. दुसरा गेला. पाचव्या-सहाव्या घासाला धाग्याबरोबर आबांचं बोटही गेलं.

"आयला!" आबा ओरडले. गुरुवार मोडला. बोटातून रक्त येत होतं आणि आबा हसत होते. "पैलवान हाय की रं! तात्याला सांगा, मटणावर आलाय त्येचा पठ्ठा."

ऊन उतरायच्या आत पिल्लू परत न्यायचं ठरलं. "काढलं त्यानंच ठिवायचं," हा आबांचा हुकूम, आणि "चरवी मिळणार न्हाय," हा पुरवणी हुकूम. शेण भरायची वेताची बुट्टी आईनं घासून धुतली, तळाशी वाळका पाला घातला, त्यावर आपल्या जुन्या लुगड्याचा तुकडा. मी दोरीनं बुट्टी पाठीला बांधली आणि सबंध तालमीच्या देखत चढायला लागलो. तात्यांनी सगळ्यांना दम भरला होता, कुणी शड्डू ठोकायचा नाही, शिट्टी मारायची नाही. त्यामुळे त्या शांततेत मादीनं माझ्या उघड्या डोक्यावर केलेल्या प्रत्येक वाराला माझ्या तोंडून निघालेला शब्द सगळ्यांना स्वच्छ ऐकू गेला. घरट्यापर्यंत पोचणं जमेना. डोळ्यावर रक्त येत होतं. घरट्याखालच्या दुसऱ्या तिकटण्यात मी बुट्टी घट्ट बांधली आणि उतरलो. टाळूवरची ती खूण अजून आहे. केस गेल्यापासून ती जास्तच दिसते. न्हावी विचारतो, मी कुस्तीत लागलं म्हणून सांगतो.

मग आम्ही लांब काठावर बसलो. आबा, आई, अक्का, तात्या आणि पठ्ठे. संध्याकाळच्या धारेची वेळ झाली, कट्ट्यावर गिऱ्हाइकं पेले घेऊन उभी असतील हे आबांना माहीत होतं. ते उठले नाहीत. आडमुठ्या म्हशीला पान्हा फुटायची वाट बघताना गवळी जसा गप्प बसतो, तसे ते बसले होते. मादी वरच्या घरट्यात गेली, बाहेर आली, फांदी बदलली. बुट्टीकडं बघायची आणि लांब व्हायची. बुट्टी तिच्या ओळखीची नव्हती. एकदा तर ती उठली आणि सरळ तळ्याच्या पलीकडं गेली. तात्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, पण सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं असतं तर त्याहून बरं, असं मला वाटलं.

नर आला. पायात मासा. वरच्या घरट्यावर उतरला, रेकला. आणि बुट्टीतून, खालून, बारीक आवाज आला. तसाच रेकण्याचा. नरानं मान वाकडी करून खाली बघितलं. तो मासा तिथंच ठेवून उडाला. बाप लोकांचं असंच असतं, आणून टाकायचं आणि निघायचं. पिल्लू रेकत राहिलं. तळ्यावरून मादी परत आली ती न थांबता, घरट्यातला मासा उचलला, खालच्या फांदीवर उतरली, तिथून बुट्टीच्या काठावर. मासा पायाखाली दाबला. एक धागा काढला. मान वाकडी केली.

आबा उठले, धोतर झटकलं. "चला, गिऱ्हाइकं खोळंबल्यात." आई मात्र दिवस मावळेपर्यंत हलली नाही.

पिल्लू बुट्टीत आणि तिकटण्यात मिळून बरेच दिवस राहिलं. काठावर उभं राहून पंख मारायचं, तोल जायचा, पुन्हा मारायचं. तालमीतली पोरं जाता-येता "हाण पठ्ठ्या, जोर काढ!" म्हणून ओरडायची. एक दिवस ते शेजारच्या फांदीवर दिसलं, मग पुढच्या झाडावर, मग पाण्यावर. उडायला लागल्यावरही आईबाप त्याला मासे आणून देत होते. मासा धरायला ते फार उशिरा शिकलं. दहादा पाय बुडवायचं आणि रिकामं वर यायचं. कॉलेजमधली माझी प्रगती त्याच वेगानं चालली होती. आता सकाळी फिरायला जातो तेव्हा नातू मोबाइलवर सगळं दाखवतो. ही घार वर्षानुवर्षं तेच घरटं डागडुजी करून वापरते, पिलाचा तपकिरी रंग जायला दोन-तीन वर्षं लागतात, तोवर ते साध्या घारीसारखंच दिसतं आणि भलेभले फसतात. 'भलेभले' हा शब्द मी त्याला दोनदा वाचायला लावला.

पण ही माहिती मिळायच्या आधी, त्याच उन्हाळ्यात, एकदा आई माझी भाकरी घेऊन रंकाळ्यावर आली. मी जेवत होतो, ती माझ्याशेजारी बसून म्हशींकडं बघत होती. ते तपकिरी पोरगं पांढऱ्या डोक्याच्या बापामागं रेकत उडत होतं, आणि बापानं शेवटी वैतागून मासा त्याच्या हवाली केला. मला राहवलं नाही. मी आईला समजावून सांगायला लागलो. माझं कसं चुकलं, कोकिळेचा धडा कसा आडवा आला, रंग बघून पोर कुणाचं ते कसं ठरवता येत नाही, आणि अशी चूक कुणाही हुशार माणसाची कशी होऊ शकते. बराच वेळ बोललो. आईनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. तिनं जन्मात कुणाला टोमणा मारलेला मला आठवत नाही. तिनं रिकामा डबा फडक्यात बांधला, गाठ मारली, आणि उठता उठता म्हणाली,

"त्वांड बघून लेकरू ठिवायचं असतं, तर तुला म्या दवाखान्यातच सोडून आले असते की रं."